सगळीच मूळव्याध नसते

दिवाळी अंक लोक फराळाची ताटली शेजारी ठेवून वाचतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आधीच सांगते, चकली हातात असेल तर ती संपवून घ्या. मी नर्स होते, आणि माझी उमेदीची वर्षं शरीराच्या ज्या भागाच्या तपासणीत गेली त्याचं नाव चारचौघांत कुणी काढत नाही. लग्नाकार्यात शेजारच्या पाटावरची बाई विचारायची, सिस्टर, तुम्ही कुठल्या वॉर्डात? मी म्हणायची, पोटाच्या. आणि पुढचा प्रश्न यायच्या आत मठ्ठा मागून घ्यायची.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. चिंचवडला आमच्या डॉक्टरांचा मोजक्या खाटांचा दवाखाना होता. मी नगरची, ख्रिस्ती घरातली; मिशनच्या दवाखान्यात शिकून इकडे आले. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता, तिथल्याच निर्वासितांच्या कँपात सिंधी मंडळींनी दुकानं थाटली होती, आणि भोसरीला बाजरी आणि भुईमूग पिकत होता. आज मी पिंपळे गुरवला राहते. शेजारचा मुलगा भोसरीच्या वर्कशॉपात जातो. त्याला बाजरीचं सांगितलं तर तो म्हणतो, आजी, कायपण.

आमच्याकडे येणाऱ्या पेशंटला एकच आजार ठाऊक होता. शौचावाटे रक्त पडलं की मूळव्याध. दुखलं तरी मूळव्याध, नाही दुखलं तरी मूळव्याध. आणि मूळव्याधीवर प्रत्येकाकडे औषध असतंच. कुणी सुरण खायला घालायचं, कुणी ताक, कुणी वैदूची मुळी कमरेला बांधायचं, कुणी बोटात तांब्याची अंगठी. बरीचशी मूळव्याध असायचीही, नाही म्हणत नाही. पण जी नसायची तिचा मालक अंगठी घालून वर्षभर हिंडायचा आणि मग आमच्या दारात यायचा. तोवर आत काय वाढलंय ते बघून डॉक्टर चष्मा पुसत बसायचे. ही माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी हळहळ आहे आणि ती मी चार ओळींत उरकते, कारण तिच्यावर लिहायला बसले तर अंक पुरायचा नाही.

आता तपासणीचं सांगते. आज लवचिक नळी आत जाते आणि भिंतीवरच्या टीव्हीत सगळं दिसतं. आमच्याकडे पोलादाची सरळ नळी होती. तिच्या टोकाला दाण्याएवढा दिवा, मागे वायर, वायरीला बॅटरीचा डबा. हा दिवा भलता मानी. मांडीवर ठेवून तपासला तर झकास पेटायचा, आणि आत गेला की ऐन वेळी विझायचा. तो पुन्हा पेटेपर्यंत पेशंटने आहे तसं राहायचं, म्हणजे गुडघे आणि कोपरं टेकून. हे बसणं समजावून सांगायचं काम माझं. "नातवाला पाठीवर घेऊन घोडा होता ना, तसं व्हा," असं मी सांगायची. मोठमोठे फेटेवाले पाटील माझ्या सांगण्यावरून घोडा झालेले आहेत. बाहेर गावात भेटले की नजर चुकवायचे, आणि मीही चुकवू द्यायची.

नळीतून जे दिसायचं त्याचे डॉक्टरांनी माझ्यासाठी दोन ढोबळ भाग केले होते. आतड्याच्या अस्तरावर कधी कधी कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. त्याला देठ असेल तर निम्मं काम सोपं, देठाशी पकडून कापता येतो. पण बूड पसरट असेल, कडा कडक लागत असतील, तर चिमट्याने तुकडा घ्यायचा, औषधाच्या बाटलीत घालायचा आणि पुण्याला पाठवायचा. मग निकाल येईपर्यंत वाट बघायची.

देठवाल्यांपैकी मला कँपातली एक सिंधी पोरगी आठवते, पाचेक वर्षांची. तिला रक्त पडायचं म्हणून आई जंताचं कडू औषध पाजून पाजून थकली होती. डॉक्टरांनी देठाला दोरा बांधून तो कोंब कापला आणि बशीत ठेवला. पिकल्या जांभळाएवढा, तसाच लालकाळा. आईने बशीत वाकून बघितलं, मग वळून पोरीला विचारलं की हे तू कधी गिळलंस. आम्ही दोघांनी मिळून तिला समजावलं, हे बाहेरून गेलेलं नाही, आतच उगवलंय. तिला ते पटलं असं मला वाटत नाही, कारण जाताना ती पोरीला बोरांच्या बियांवरून रागावत होती.

वरच्या बाजूचं, म्हणजे जठराचं दुखणं बघायला बेरियम. लष्कराच्या लिलावातून घेतलेलं एक जुनं क्ष-किरण यंत्र आमच्याकडे होतं. पेशंटला खडू कालवल्यासारखं पांढरं औषध प्यायला द्यायचं आणि अंधाऱ्या खोलीत पडद्यावर ते पोटात उतरताना बघायचं. अंधारात नीट दिसावं म्हणून डॉक्टर आधी बराच वेळ तांबड्या काचांचा चष्मा लावून बसायचे. बाहेर बाकावरची माणसं आपसात म्हणायची, डॉक्टरांचेच डोळे आलेत, आपल्याला काय बरं करणार.

एकदा आळंदीकडचे एक गुरुजी आले. रिकाम्या पोटी या, काही खाऊ नका, असं आदल्या दिवशी बजावलेलं. पडद्यावर त्यांच्या जठरात सुपारीएवढी पोकळी दिसली, जिथे औषध जातच नव्हतं. गाठ असली की असंच दिसतं. डॉक्टर गंभीर झाले. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि गुरुजींना विचारलं की काल संध्याकाळपासून पोटात काय काय गेलंय. गुरुजी म्हणाले, काही नाही, एकादशी होती. मग सकाळी? सकाळी अजून उपास सोडलेला नाही, फक्त दाण्याचे दोन लाडू आणि थोडं रताळं. म्हणजे त्यांच्या लेखी काही खाल्लंच नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा औषध पाजलं तेव्हा गाठ नाहीशी झाली होती. त्यानंतर मी पेशंटला "काही खाऊ नका" म्हणून थांबत नसे. दाणे नाहीत, रताळं नाही, भगर नाही, खिचडी नाही, असं नावं घेऊन सांगायची.

ही हसायची प्रकरणं झाली. पण मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते दस्तगीर मिस्त्री. चाकणचे. तेव्हा त्या पट्ट्यात विहिरींवर ऑइल इंजिनं नवी नवी बसत होती, आणि इंजिन रुसलं की दस्तगीर मिस्त्रींना बोलावणं जायचं. चाळिशीचा माणूस, अंगाने भक्कम, बोलायला कमी. त्यांच्याबरोबर थोरले भाऊ इब्राहिमभाई आले होते. त्यांची कांद्याची आडत होती आणि घरातला शब्द त्यांचा चालायचा. मिस्त्रींच्या बोटात तांब्याची अंगठी होती. मी ती बघूनच मनात म्हटलं, झालं.

नळी थोडीशीच आत गेली आणि थांबली. दिवा त्या दिवशी शहाण्यासारखा पेटत राहिला. डॉक्टरांनी चिमटा मागितला. पुण्याहून निकाल आला तो आम्हाला अपेक्षित होता तोच. गुदाशयाचा कॅन्सर. पण पसरलेला वाटत नव्हता, म्हणजे ऑपरेशनने माणूस वाचण्यासारखा होता.

हे ऑपरेशन काय असतं ते सरळ सांगते. आतड्याचा खालचा सगळा भाग काढून टाकायचा, खालची वाट शिवून बंद करायची, आणि उरलेल्या आतड्याचं तोंड पोटावर डाव्या बाजूला बाहेर काढायचं. पुढे जन्मभर शौच तिथून. त्या तोंडाला आवळून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे ते सांगून येत नाही. आज त्याला चिकटवायच्या पिशव्या मिळतात. तेव्हा कापडाच्या घड्या आणि पट्टा.

आणि तेव्हाची रीत अशी की यातलं काहीही पेशंटला सांगायचं नाही. घरच्या थोरल्याला आत बोलवायचं, दार लावायचं आणि त्याला सांगायचं. आमच्याच काय, सगळ्याच दवाखान्यांत असं होतं. माणूस घाबरेल, हाय खाईल, म्हणून. इब्राहिमभाईंनी दाराआड सगळं ऐकलं, रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाले की त्याला मूळव्याधीचं ऑपरेशन सांगा आणि करून टाका. पोटावरच्या वाटेचं काय ते मागाहून समजावू. डॉक्टरांनी मान डोलावली. मी म्हटलं, शुद्धीवर आल्यावर माणूस पोटाकडे बघेल तेव्हा कोण समजावणार? डॉक्टर म्हणाले, सिस्टर, हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे. ते चांगले डॉक्टर होते आणि दुष्ट तर मुळीच नव्हते. पण रीत म्हटली की चांगली माणसंही डोळे मिटून चालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताप बघायला गेले तर मिस्त्री खाटेवर उठून बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सिस्टरबाई, इंजिन खोलायच्या आधी मी मालकाला सांगतो, कुठला पार्ट जानार. माझा कुठला पार्ट जानार हाय?"

माझी जीभ लांब आहे असं माझी आई म्हणायची, आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी मी जीभ घसरून बोलले नाही, विचार करून बोलले. ज्याचं शरीर त्याला विचारायचा हक्क आहे, आणि त्याने विचारलं होतं. मी त्यांना कॅन्सर म्हटलं, ऑपरेशन म्हटलं, पोटावरची वाट म्हटली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, ते आपल्या हुकमात राहील का. मी म्हटलं, नाही. त्यांनी वळकटी बांधली आणि दुपारच्या गाडीने ते चाकणला निघून गेले.

डॉक्टर माझ्यावर आवाज चढवणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले की तुमच्या खरं बोलण्याने तो माणूस मरेल. मग कामापुरतंच बोलणं. हे द्या, ते धरा. मला माझं चुकलं असं वाटत नव्हतं, पण भीती वाटत होती, आणि या दोन्ही गोष्टी एका पोटात राहू शकतात हे मला तेव्हा कळलं.

सुट्टीच्या दिवशी मी एसटीने चाकणला गेले. मिस्त्रींचं घर बाजाराच्या मागे. त्यांची बायको चाँदबी कांदे निवडत बसली होती. मी कोण ते सांगताच ती उठली, पदर सावरला आणि मला घेऊन शेतातल्या वाटेने चालू लागली. वाटेत तिने सांगितलं की नवरा घरात कुणाशी बोलत नाही, दिवसभर विहिरीवर असतो. नमाजीच्या वेळी मात्र मशिदीत जातो. तिथे पगारी मौलवी नव्हता. वस्ती लहान, मिस्त्रींना पाठांतर चांगलं, म्हणून वर्षानुवर्षं तेच पुढे उभे राहून नमाज पढवायचे.

ते एका उघड्या इंजिनाशी बसले होते. मला बघून उठले, हात फडक्याला पुसले. मी आडवळण घेतलं नाही. ऑपरेशनला का येत नाही, मरायची भीती वाटते का, असं विचारलं.

"मरनाला मी भीत न्हाई," ते म्हणाले. "पर मी पुढं हुबा ऱ्हातो. माझ्या मागं मानसं नमाज पढत्यात. त्या वाटनं कवा काय भाईर येईल त्याचा भरवसा न्हाई. मी पाक नसलो तर त्या समद्यांची नमाज माझ्या डोक्यावर. आन् मागं हुबं राहून तरी माझी चालंल का?"

हा प्रश्न माझ्या शिक्षणात नव्हता. नर्सिंगच्या पुस्तकात जखम कशी धुवायची ते असतं, जखम घेऊन देवापुढे कसं उभं राहायचं ते नसतं. मी विचारलं, हे जाणत्या माणसाला विचारलंत का? पुण्यात काझी असतीलच.

ते इंजिनाकडेच बघत राहिले. "न्हाई इचारलं. ते न्हाई म्हनले तर?"

आता मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, "मिस्त्री, वर्षभर तुम्ही मूळव्याध म्हणत बसलात, कारण आत डोकावून बघायची भीती. आता काझींच्या दारात जायची भीती. न बघितल्याने आतलं बदलत नाही, वाढतं."

बोलली ती चाँदबी. इतका वेळ ती बांधावर उभी होती.

"मला कोन इचारतंय?" ती म्हणाली. "मला नवरा पायजे. कसा बी."

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं. मग इंजिनाचं झाकण बसवायला घेतलं आणि बोल्ट आवळता आवळता म्हणाले की उद्या पुण्याला जाऊ, पण सिस्टरबाई पाहिजेत, मला नीट सांगता यायचं नाही.

मी डॉक्टरांकडे सुट्टी मागितली. कशासाठी ते सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, जा.

काझी म्हातारे होते, पुण्याच्या लष्कर भागातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि मग माझी तोंडी परीक्षाच घेतली. मिशनच्या मेट्रननेही इतकी कसून घेतली नव्हती. ते तोंड नेमकं कुठे असणार? जे बाहेर येईल ते सारखं झिरपत राहील की थांबून थांबून? माणसाला आधी कळेल का? ते थोपवायचा काही उपाय? मी सांगितलं की एक उपाय आहे. रोज सकाळी त्या तोंडातून रबरी नळीने कोमट पाणी आत सोडायचं, आतडं धुऊन निघतं. शिकायला महिने लागतात, पण हात बसला की पुष्कळांना दुसऱ्या सकाळपर्यंत काही बाहेर येत नाही. मी हे मिशनच्या दवाखान्यात शिकले होते आणि स्वतःच्या हाताने केलं होतं. काझींनी माझं बोलणं संपूर्ण ऐकलं आणि मगच ते मिस्त्रींकडे वळले.

आधी ते रागावले. जीव वाचवणं फर्ज असताना तू इतके दिवस विचारायला आला नाहीस, म्हणाले. मग समजावून सांगितलं. ज्याला आजारामुळे आवरता येत नाही त्याने प्रत्येक नमाजीच्या वेळी नवा वजू करायचा, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन शुद्ध व्हायचं, आणि पढायची. मध्ये काही झिरपलं तरी त्याची नमाज पुरी. त्यात कसलाही उणेपणा नाही. चाँदबीने तोंडाला पदर लावला. पण, काझी म्हणाले, अशा माणसाने धडधाकट माणसांच्या पुढे उभं राहायचं नाही. मागे ओळीत उभं राहायचं. एका नमाजीपासून दुसरीपर्यंत कोरडा राहायला लागलास, तर पुन्हा माझ्याकडे ये.

जिना उतरताना मिस्त्री मला म्हणाले, "निम्मं मिळालं." त्यांच्या आवाजावरून निम्मं गेल्याचं दुःखच जास्त कळत होतं.

ऑपरेशन पुण्याला झालं. मोठ्या सर्जननी केलं, आमचे डॉक्टर हाताखाली उभे राहिले. चाँदबीच्या भावाने रक्त दिलं. चार-पाच दिवस कठीण गेले आणि मग मिस्त्री आमच्याकडे चिंचवडला ड्रेसिंगसाठी आले. पहिल्यांदा पट्टी सोडून मी त्यांना पोट दाखवलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सांगून ठेवलेलं असलं तरी बघणं ते बघणंच. मी त्यांना घाई केली नाही. चाँदबी आधी शिकली. एनिमाचा डबा खिळ्याला टांगायचा, पाणी मनगटावर घेऊन बघायचं, नळीला तेल लावायचं, सावकाश सोडायचं. दोन-तीन सकाळी ती शिकताना मिस्त्री भिंतीकडे बघत होते. मग एका सकाळी म्हणाले, पाणी लई जोरात सोडतीस, आण इकडं. त्या दिवसापासून ते स्वतः करायला लागले. पुढे त्यांनी ॲल्युमिनियमच्या वाटीच्या काठाला सायकलच्या ट्यूबचं रबर लावून झाकण तयार केलं आणि कमरेच्या पट्ट्यात बसवलं. डॉक्टरांनी त्याचा नमुना काढून घेतला आणि पुढच्या पेशंटसाठी त्यांच्याकडूनच तशा वाट्या करून घेतल्या.

मशिदीत आता रहिमान नावाचे शिंपी पुढे उभे राहायचे. पढताना ते मध्येच अडखळायचे, आणि मागच्या ओळीत मिस्त्री ओठ मिटून उभे. मी महिन्या-दोन महिन्यांनी चाकणला जाऊन जखम बघून यायची. एकदा विचारलं, कसं वाटतं. "लई लागतं," ते म्हणाले. एवढंच. मला त्यांची फार माया आली, पण त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

आतडं मात्र वळण घेत होतं. आधी दुपारपर्यंत, मग संध्याकाळपर्यंत, आणि वर्षाच्या आत सकाळ ते सकाळ कोरडं. मिस्त्री पुन्हा काझींकडे गेले, या वेळी एकटे. काझींनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, आता तू इतरांसारखाच. पुढे उभा राहायला हरकत नाही. इब्राहिमभाईंनी ही बातमी बाजारभर केली आणि पेढे वाटले. रहिमान शिंपी तर सुटल्यासारखे हसले. मीही डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी चष्मा पुसला, पण या वेळी वेगळ्या कारणाने.

पुढच्या खेपेला चाकणला गेले तर पुढे रहिमान शिंपीच उभे राहतात असं कळलं. चाँदबीला कारण माहीत नव्हतं. मिस्त्री बाहेरगावी इंजिनावर गेले होते, त्यामुळे विचारता आलं नाही.

मग एके दिवशी मिस्त्रीच आमच्या दवाखान्यात आले, आणि एकटे नाही. इब्राहिमभाईंच्या दंडाला धरून आले. इब्राहिमभाई दोन शुक्रवार मशिदीत आले नव्हते. घरी निरोप काय तर गुडघे दुखतात. मिस्त्री त्यांच्या घरी जाऊन बसले आणि उठेनात, तेव्हा खरं निघालं. रक्त पडत होतं, कपडे खराब व्हायचे, म्हणून ते चारचौघांत यायचे बंद झाले होते. दुखत नाही, मूळव्याधच असेल, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना घोडा व्हायला सांगितलं आणि ते मुकाट्याने झाले.

डॉक्टरांनी तपासणी संपल्यावर इब्राहिमभाईंना खुर्चीत बसवलं आणि दार उघडंच ठेवून त्यांना स्वतःला सांगितलं. दस्तगीर मिस्त्रींनंतर आमच्या दवाखान्यात ही रीत पडली होती, तिच्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. पॉलिप होता, देठ असलेला. आज बिघडलेला वाटत नव्हता, पण ठेवला असता तर पुढे भावाच्या वाटेने गेला असता. नळीतून तारेचा फास टाकून, विजेचा चटका देऊन डॉक्टरांनी तो त्याच आठवड्यात काढला. पोट उघडावं लागलं नाही. इब्राहिमभाई तिसऱ्या दिवशी आडतीवर बसले.

तपासणीच्या त्या दिवशी इब्राहिमभाई आत डॉक्टरांशी बोलत असताना मी बाहेर बाकावर मिस्त्रींशेजारी टेकले. त्या वर्षात चाकणहून आमच्याकडे आलेले असे हे पहिलेच नव्हते. एक बागवान, एक गाडीवान, एक म्हातारे अत्तार, सगळ्यांना मिस्त्रीच हाताला धरून घेऊन आले होते. मी त्यांना म्हटलं, काझींनी परवानगी दिली, लोकांना तुम्ही हवे आहात, रहिमान अजून अडखळतात. मग तुम्ही पुढे का उभे राहत नाही?

त्यांनी आत, दाराकडे, बघितलं.

"पुढं हुबं ऱ्हायलं की, सिस्टरबाई, मागं कोन आलं न्हाई ते दिसत न्हाई."

त्यानंतर कितीतरी वर्षं ते जगले, आणि शेवटपर्यंत मागच्या ओळीतच उभे राहिले.